हलके मासे आणि भारी माणसें

सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र शासनानें चंदेरी पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. पापलेटाशीं आमचें कांहीं भांडण नाहीं. तो देखणा आहे, रुचकर आहे, आणि समुद्रांतील त्याची आवक घटत चालल्यामुळें त्याची चिंता वाहणें अवश्यही आहे. परंतु ती वार्ता वाचून आमच्या सुशिक्षित घरांत जो आनंद उमटला, तो राज्याच्या माशाबद्दलचा नसून ताटांतल्या तुकडीबद्दलचा होता, हें लपवून कांहीं उपयोग नाहीं. मासा म्हणजे पापलेट, सुरमई, हलवा, फार तर बांगडा. आणि मासा म्हटला कीं तो समुद्राचाच, अशी आमच्या मध्यमवर्गाची दृढ समजूत होऊन बसली आहे. नदीच्या माशाचा विषय काढावा तर नाकें मुरडलीं जातात. 'त्याला कांटे फार,' 'त्याला चिखलाचा वास येतो,' 'तें कातकऱ्यांचें खाणें' – ह्या तीन वाक्यांत आमचें नदीविषयींचें सगळें मत्स्यशास्त्र आटोपतें.

ह्या तीन वाक्यांचा समाचार घेण्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं धरली आहे. आमचा पक्ष थोडक्यांत असा: नदींतल्या ह्या लहान, कांटेरी, स्वस्त माशांना आम्ही नांवें ठेवतों, पण त्यांचीं नांवें घेत नाहीं, आणि जिच्या रहिवाशांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत, अशा नदीचें गटार करणें फार सोपें असतें. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या तीन शहरांच्या अंगावरून दोन नद्या वाहतात. त्यांपैकीं एक मेल्यांत जमा आहे आणि दुसरी आजारी आहे. ह्या दुर्दशेंत कारखानदारांचा वांटा आहे, नगरसंस्थांचा वांटा आहे, हें सर्वश्रुत आहे. परंतु आमच्या तुच्छतेचाही त्यांत वांटा आहे, हें फारसें कोणी बोलत नाहीं. तें बोलणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम नांवांचाच विचार करूं. हीं नांवें आमच्याच भाषेचीं आहेत. परंतु तीं छापलेलीं पाहावयाचीं तर लॅटिन ग्रंथ उघडावे लागतात, ही आमच्या विद्वत्तेची शोभा होय. मुंबईच्या सैन्यांतील विल्यम हेन्री साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याची १८२४ सालीं मुंबई सरकारनें स्टॅटिस्टिकल रिपोर्टर म्हणून नेमणूक केली. दख्खनची लोकसंख्या, शेती, सारा, हवामान यांची माहिती गोळा करीत हिंडतांना त्यानें भीमेच्या व तिला मिळणाऱ्या नद्यांच्या पाण्यांतले मासेही पाहिले, निवडले, मोजले. १८४१ सालीं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथमालेंत दख्खनच्या माशांवर त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत चाळीसांहून अधिक जातींचें वर्णन आहे, आणि त्यांतील कित्येक जाती शास्त्रास तोंवर अज्ञात होत्या. ह्या नव्या जातींचें बारसें करतांना साइक्सनें एक गोष्ट केली, तिच्याबद्दल मराठी माणसानें त्याचे उपकार मानले पाहिजेत. जाळें टाकणाऱ्या माणसाच्या तोंडीं जें मराठी नांव त्यानें ऐकलें, तेंच उचलून त्यानें त्यावर लॅटिनचा साज चढविला. मळ्याचा 'मुल्ल्या' झाला, शिंगटीची 'सिंगटी' झाली, घोगऱ्याचा 'गोग्रा', कोळशाचा 'कोलस' आणि अळकुटाची 'अल्कूटी'. आज जगांतल्या कोणत्याही विद्यापीठांत ह्या माशांचा उल्लेख करावयाचा झाल्यास गार्रा मुल्ल्या, मिस्टस सिंगटी, रिटा गोग्रा, हिप्सेलोबार्बस कोलस अशींच नांवें घ्यावीं लागतात. बर्लिनचा किंवा तोकियोचा प्राध्यापक 'मुल्ल्या' म्हणतो, तेव्हां तो नकळत दख्खनांतल्या कोणा अनामिक भोयाचा शब्द उच्चारीत असतो. आणि पुण्या-मुंबईचा मराठी पदवीधर तोच शब्द ऐकून विचारतो, 'हा काय प्रकार आहे?' आपल्या कोशांत तरी ह्या शब्दांची काय स्थिति आहे? शब्दापुढें बहुधा 'एक जातीचा मासा' एवढेंच लिहिलेलें आढळतें. ज्ञानेश्वरींतल्या एकेका शब्दावर पानेंच्या पानें खर्ची घालणाऱ्या आमच्या विद्वानांनीं नदीकांठच्या ह्या शब्दसंपत्तीची बोळवण तीन शब्दांत करावी, याचा अर्थ काय? अर्थ उघड आहे. ज्या माणसांच्या तोंडीं हे शब्द होते, तीं माणसें आम्हांस हलकीं वाटलीं. म्हणून शब्द हलके ठरले आणि मासेही हलके ठरले.

आतां हा मळ्या कसा असतो तें ऐकावें. लांबी वीतभरही नाहीं. रंग ओल्या दगडाचा. तोंड पुढें नसून खालच्या अंगास, आणि तोंडामागें एक वाटोळी मांसल चकती. ह्या चकतीनें तो खडकास असा चिकटून राहतो कीं वरून लोंढा गेला तरी जागा सोडीत नाहीं. आणि दगडावर जमणारें शेवाळ खरवडून खाणें हा त्याचा जन्मभराचा व्यवसाय. शिंगटी ही मिशाळ, बिनखवल्यांची. तिच्या परांतले कांटे हातांत रुतले म्हणजे नवशिक्याच्या डोळ्यांस पाणी आणतात. अळकूट रुपेरी आणि सडसडीत, पृष्ठभागापाशीं किडे टिपणारें. मुरी वाळूखड्यांत अंग चोरून बसणारी. यांपैकीं एकाही माशानें कधीं मेजवानीचें ताट भूषविलें नाहीं. परंतु नदीचें घर चालतें तें यांच्या जिवावर. शेवाळ खरवडणारे हे, डासांच्या अळ्या खाणारे हे, आणि खंड्या, बगळा, पाणकावळा यांचें पोट भरणारेही हेच. वाडा मालकाच्या नांवें असला तरी झाडलोट कोण करतो, पाणी कोण भरतो, हें ज्यानें त्यानें मनाशीं विचारून पाहावें.

उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या बाजूस सह्याद्रींत उगवते; कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करीत कल्याणजवळ खाडीस मिळते. कोंकणांतल्या बहुतेक नद्या माघ-फाल्गुनांत आटून डबक्यांच्या माळा होतात. उल्हास मात्र वाहत असते. ह्याचें कारण फार थोड्यांस ठाऊक असेल. १९२२ सालीं टाटांचें भिवपुरीचें वीजकेंद्र सुरू झालें. घाटमाथ्यावर आंध्रा नदीचें पाणी अडवून तें नळांतून खालीं भिवपुरीस सोडतात, आणि वीज निर्माण केल्यावर तें पाणी पेज नदीवाटें उल्हासेंत येतें. ही आंध्रा भीमेच्या खोऱ्यांतली. म्हणजे साइक्सनें ज्या खोऱ्यांतले मासे धुंडाळले, त्याच खोऱ्याचें पाणी आज बदलापूरच्या बंधाऱ्यापाशीं अडतें, उचललें जातें, आणि नळावाटें ह्या पट्ट्यांतल्या घरांत येतें. मळ्या ज्या पाण्यांत राहतो तें पाणी आम्ही पितों. हा केवळ काव्यांतला संबंध नव्हे. हा घागरीचा आणि घशाचा संबंध आहे.

गेल्या फाल्गुनांत आम्ही कांहीं विद्यार्थी व दोन-तीन स्नेह्यांचीं कुटुंबें बरोबर घेऊन बदलापूरच्या वरच्या अंगास, वांगणीच्या बाजूला, नदीवर गेलों होतों. पळस फुलले होते, पाणी उतरलें होतें, आणि उतरलेल्या पाण्यांत तळचे गोटे स्वच्छ दिसत होते. सामग्री ती काय? वेळूच्या काठ्या, दोरा, बारीक गळ, एका डब्यांत गांडुळें आणि एका फडक्यांत कणकेचा गोळा. आमच्या मंडळींची पहिली घटका निराशेंत गेली. कोणास वाटलें होतें, हातभर लांबीचा मासा दोरा तोडूं पाहील. हातीं आली ती चार बोटांची शिंगटी. एका मुलानें ती पाहून 'एवढीशीच?' म्हणून तोंड वांकडें केलें, आणि तिचा कांटा बोटांत रुतल्यावर त्याचें मत तत्काळ बदललें. जवळच एक वृद्ध कातकरी गुडघाभर पाण्यांत वांकून दगडांखालीं हात घालीत होता. त्यानें ओंजळींत एक मासा धरून आमच्या मुलांस दाखविला. एका विद्यार्थिनीनें विचारलें, "बाबा, हा कोणता?" तो म्हणाला, "मळ्या. दगडाचा मासा हाय त्यो." आणि मग आमच्याकडे वळून, जणूं परीक्षेंतलें उत्तर सांगावें तसें, म्हणाला, "मास्तर, पानी नासलं का पयला ह्योच जातो."

आमच्या मतें त्या दिवसाची कमाई हें एक वाक्य होय. प्रयोगशाळेंत पाण्यांतल्या प्राणवायूचें मान काढतात, सेंद्रिय घाणीचें मान काढतात, आंकडे मांडतात, आणि तें सर्व योग्यच आहे. परंतु त्या आंकड्यांचा सारांश ह्या अक्षरशत्रु माणसाच्या सहा-सात शब्दांत आला होता. वाहत्या पाण्यांतल्या ह्या माशांस भरपूर प्राणवायु लागतो. दगडांवर सांडपाण्याचा गाळ बसला कीं मळ्याचें अन्न गेलें आणि आसराही गेला. उलट तिलापिया – ज्यास बाजारांत चिलापी म्हणतात व जो १९५२ सालीं परदेशांतून हिंदुस्थानांत आणला गेला – तो घाण पाण्यांतही तग धरतो. आणि बंदी असूनही चोरून पाळला जाणारा आफ्रिकन मागूर तर पाण्यांत प्राणवायु नसला तरी वर येऊन हवा घेऊन जगतो. तेव्हां चोखंदळ कोण आणि हलका कोण, याचा निवाडा एकदां नीट व्हावा. ज्यास आम्ही हलका म्हणून हिणवितों, तोच आमची घाण सोसीत नाहीं. निमूटपणें निघून जातो.

उच्चनीचतेची ही वर्णव्यवस्था माशांच्या बाबतींत केवळ आमच्याकडेच आहे असें नाहीं. इंग्रजांनीं गोड्या पाण्यांतल्या माशांचे दोन वर्ग केले. सामन व ट्राउट हे शिकारीस योग्य, म्हणजे खानदानी. बाकीचे सारे 'कोर्स', म्हणजे जाडेभरडे. ह्या भेदाचें मूळ माशांच्या गुणांत जेवढें आहे, तेवढेंच नदीकांठच्या जमिनी कोणाच्या मालकीच्या होत्या त्यांत आहे. अमेरिकेंत वसंताच्या आरंभीं बर्फ वितळतांच 'सकर' नांवाचा मासा ओढ्यांतून वर चढतो. त्याचेंही तोंड मळ्यासारखें खालीं. त्यासही 'रफ' म्हणून हिणविण्यांत आलें, आणि पकडून कांठावर सडत टाकण्यांतही आलें. परंतु त्या देशांत ह्या शब्दाची लाज वाटूं लागली आहे. २०२१ सालीं तेथील कांहीं मत्स्यशास्त्रज्ञांनीं एका शास्त्रीय मासिकांत लेख लिहून 'रफ फिश' ह्या शब्दास कायमचा निरोप द्यावा, असें सुचविलें. कारण ज्यास तुच्छ नांव मिळालें, त्याच्या रक्षणासाठीं ना पैसा मिळतो ना कायदा. इंग्रजी वाङ्मय वाचणाऱ्यांस आयझॅक वॉल्टनचें १६५३ चें पुस्तक ठाऊक असेलच. त्यांत वॉल्टन चब नांवाच्या असल्याच एका कांटेरी, उपेक्षित माशाची बाजू घेतो आणि तो नीट रांधला तर किती चांगला लागतो, तें शिकवितो. आमच्या महाविद्यालयांतून वॉल्टनची शैली शिकविली जाते. त्याची दृष्टि मात्र वर्गांतच राहते.

कोणी म्हणेल, हीं सारीं साहेबी उदाहरणें. आमच्या परंपरेंत गळ टाकून बसणें हें रिकामटेकड्यांचें लक्षण आहे. हा आक्षेप घेणारांस आमची परंपराच ठाऊक नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीचा – आमच्या ह्या कल्याणचा नव्हे, बिदरकडील बसवकल्याणचा – चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींचें वर्णन करतांना हत्ती, घोडे व मल्ल यांच्या पंक्तीस त्यानें 'मत्स्यविनोद' बसविला आहे. मासे समुद्राचे कीं नदीचे, खवल्यांचे कीं बिनखवल्यांचे, मोठे कीं लहान, असे त्यानें भेद केले आहेत. कोणास कोणतें आमिष रुचतें, दोरा कसा असावा, गळ कसा टाकावा, हेंही सांगितलें आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं ह्या प्रकरणावर निबंध लिहून तें विद्वानांच्या नजरेस आणलें. जें काम सिंहासनावरच्या माणसास कमीपणाचें वाटलें नाहीं, तें कचेरींतल्या माणसास कमीपणाचें वाटावें, हा अधःपात कीं उन्नति?

आतां दुसऱ्या नदीकडे वळूं. वालधुनी अंबरनाथच्या दक्षिणेकडील काकोळ्याच्या डोंगरांत उगम पावते, अंबरनाथ व उल्हासनगर ह्या शहरांतून जाते आणि कल्याणपाशीं उल्हासेस मिळते. अंबरनाथचें शिवमंदिर तिच्याच कांठीं आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख त्या मंदिरांत सांपडला आहे, आणि त्यांत शिलाहार राजा माम्वाणि ह्याचें नांव आहे. ज्यांनीं तें मंदिर बांधलें, त्यांनीं गटाराचा कांठ निवडला नव्हता. परंतु आज त्या परिसरांत कोणास 'वालधुनी नदी कोठें आहे?' असें विचारून पाहावें. पुष्कळ लोक क्षणभर गोंधळतात आणि मग म्हणतात, 'तो नाला काय?' आमचा सगळा मुद्दा ह्या एका शब्दांत आहे. नदीचा नाला आधीं जिभेवर होतो, मग जमिनीवर होतो. एकदां नाला म्हटलें कीं त्यांत रसायनें सोडण्यास कोणाचा हात अडखळत नाहीं. नाल्यांत घाण टाकावयाची नाहीं तर कोठें टाकावयाची?

परिणाम काय झाला तेंही सांगितलें पाहिजे. वर्षानुवर्षें जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचें निळें पाणी आणि इतर कारखान्यांचें रंगीबेरंगी पाणी वालधुनींतून वाहत राहिलें. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका रात्रीं तींत घातक रसायन ओतलें गेलें. त्याच्या वाफांनीं उल्हासनगरांतल्या शेंकडों लोकांचा श्वास कोंडला व त्यांस इस्पितळांत न्यावें लागलें. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल ह्या पट्ट्यांतील नगरसंस्था व सांडपाणी-प्रक्रिया केंद्रें यांजवर मिळून सुमारें ९५ कोटि रुपयांचा दंड बसविला, आणि पुढें तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. वालधुनींतले मासे मात्र २०१४ च्या पुष्कळच आधीं नाहींसे झाले होते. त्यांच्यासाठीं कोणी इस्पितळ उघडलें नाहीं, कोणी दंड केला नाहीं, आणि त्यांची तेव्हां कोणी मोजदाद केली असती, तर माणसांचे श्वास कोंडण्यापर्यंत गोष्ट आलीही नसती. कातकऱ्याचें वाक्य येथें पुन्हा वाचावें.

उल्हासनगरची गोष्ट तर विशेष हृदयद्रावक आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणींत येऊन राहिले, आणि १९४९ सालीं ह्या वसाहतीस नदीवरून 'उल्हासनगर' हें नांव मिळालें. ज्या लोकांचा इष्टदेव झूलेलाल पल्ला माशावर आरूढ झालेला दाखवितात, ज्यांच्या घरीं सिंधु नदीचा पल्ला हें परम पक्वान्न, असे हे नदीचे लोक. त्यांच्या मूळच्या देशांत १९५५ सालीं कोत्रीचा बंधारा झाल्यावर पल्ल्याची वर चढण्याची वाट अडली. आणि इकडे जी नदी त्यांच्या वांट्यास आली, ती त्यांच्या नव्या पिढीस नाला म्हणून दाखविण्यांत आली. नदीचें नांव धारण करणाऱ्या शहरांत नदी कोणती हें मुलांस सांगतां येऊं नये, यापरतें दारिद्र्य कोणतें?

ह्या पक्षावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप अहिंसेचा. जो तत्त्वानें मत्स्याहार करीत नाहीं, त्यास आमचा नमस्कार. त्यानें गळ न घेतां कांठावर बसावें आणि पाहावें, तेंही आमच्या कामाचें आहे. परंतु जो रविवारीं पापलेट खातो आणि नदींत गळ टाकणाऱ्यास निर्दय म्हणतो, त्याच्याशीं काय वाद घालावा? एका गळानें दिवसभरांत चार मासे मरतील, आणि तेही पुष्कळदां सोडून देतां येतील. विषारी पाण्याच्या एका टँकरनें मैलभर नदी मरते. निर्दयतेचा हिशेब करावयाचाच तर तो पुरा करावा.

दुसरा आक्षेप असा कीं, नदीकांठचे लोकच मासे मारून संपवितात. ह्यांत अंशतः सत्य आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. मृगाच्या पावसांत मासे अंडीं घालण्यासाठीं ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. त्या चढणीच्या वेळीं पोटांत अंडीं असलेले मासे टोपल्या भरभरून मारले जातात, आणि त्या 'वळगणी'चें कौतुक आतां शहरांतले हौशी लोकही करूं लागले आहेत. समुद्रांतल्या यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती ह्याच कारणासाठीं. नदींत सुरुंगाची दारू किंवा विष घालून मासे मारणें तर १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरलें आहे, आणि तरीही तें चालतें. ह्या दोन्ही गोष्टी निंद्य आहेत. म्हणूनच आम्ही फाल्गुनाचा आग्रह धरतों. पाऊस फार दूर, पाणी नितळ, आणि हातांत एक काठी व एक गळ: ह्यांत घेणें थोडें आणि पाहणें पुष्कळ.

तिसरा आक्षेप सुधारकांचा आहे. ते म्हणतात, निरुपयोगी मासे गेले तर जाऊं द्या; रोहू, कटला, मृगळ यांचें बीज सोडलें कीं नदी पुन्हा भरेल, शिवाय उत्पन्नही होईल. हे तिन्ही मासे गंगेच्या खोऱ्याचे. त्यांच्याबद्दल आम्हांस आकस नाहीं. तळ्यांत ते खुशाल वाढवावे. परंतु वाड्यांतलीं मूळचीं माणसें घालवून भाडेकरू भरल्यानें घराणें टिकत नाहीं. शिवाय, ज्या पाण्यांत मळ्या जगत नाहीं तें पाणी का बिघडलें, ह्या प्रश्नाचें उत्तर बीज सोडून मिळत नाहीं. प्रश्नच तेवढा झांकला जातो.

मग करावें काय? आमच्या मागण्या लहान आहेत. ह्या तीन शहरांतल्या प्रत्येक शाळेनें व महाविद्यालयानें दर वर्षीं माघ-फाल्गुनांत नदीवर ठरलेल्या जागीं एक दिवस जावें, आणि कोणते मासे दिसले, कोणते दिसले नाहींत, तें एका वहींत मराठी नांवांनीं लिहून ठेवावें. पांच-दहा वर्षांत ती वही कोणत्याही अहवालाच्या तोडीची होईल. ह्या कामीं नदीकांठच्या कातकरी व ठाकूर मंडळींस शिक्षक म्हणून बोलवावें, आणि व्याख्यात्यास देतों तसें मानधन त्यांस द्यावें; उपकार म्हणून नव्हे, विद्येचें मोल म्हणून. नगरसंस्थांनीं पाण्याच्या तपासणीचे आंकडे प्रसिद्ध करतांना त्या ठिकाणीं कोणते मासे जगत आहेत हेंही लिहावें. कारण आंकडा सर्वांस कळत नाहीं, पण 'येथें मळ्या नाहीं' हें वाक्य सर्वांस कळेल. वालधुनीस नाला म्हणणें प्रत्येक घरानें आजपासून बंद करावें. आणि जे कोशकार, जे भाषेचे प्राध्यापक आहेत, त्यांनीं नदीकांठचे शब्द गोळा करावे. साइक्सनें एकट्यानें घोड्यावर बसून जें केलें, तें आम्हां इतक्या जणांस लोकलगाडींत बसून करतां येऊं नये, हें लाजिरवाणें आहे.

ज्या घरांत मुलांना नऊ ग्रहांचे श्लोक आणि युरोपांतल्या संघांच्या खेळाडूंचीं नांवें पाठ आहेत, त्या घरांत आपण पितों त्या पाण्यांतल्या चार माशांचीं नांवें शिकविणें जड जाणार नाहीं. मळ्या, शिंगटी, मुरी, अळकूट: चारच नांवें. बदलापूरच्या पुढें उल्हासेचें पाणी अजून इतकें नितळ आहे कीं हे चौघे तेथें भेटण्याचा संभव आहे. खालीं, शहरांचीं सांडपाणीं मिळाल्यावर आणि कल्याण-मोहन्याकडे उन्हाळ्यांत जलपर्णीनें पात्र झांकल्यावर, तो संभव उरत नाहीं. ही सीमारेषा दर वर्षीं किती वर सरकते आहे, हें मोजणारें आज कोणी नसेल तर उद्यां तिचा पत्ता आमच्या नळालाच लागेल. पापलेटास राज्यानें मान दिला तो त्यास लखलाभ असो. मळ्यास मान नको आहे. त्यास स्वच्छ दगड आणि वाहतें पाणी हवें आहे, आणि तेवढेंच मागण्याची अक्कल आम्हां भारी माणसांस येत्या फाल्गुनापर्यंत यावी, एवढीच आमची विनंति आहे.